जीर्णोद्धार केलेली मोटार विकणे आहे

‘पूर्ण जीर्णोद्धार केलेली, टप उघडणारी, जुनी अमेरिकन मोटार विकणे आहे,’ अशा आशयाच्या जाहिराती हल्ली अधूनमधून दृष्टीस पडू लागल्या आहेत. शाळेच्या वार्षिकात ह्या विषयावर चार पाने खर्ची घालावीत काय, असा प्रश्न काही पालकांच्या मनात उभा राहील. जिची किंमत पुष्कळदा राहत्या घराच्या किमतीशी स्पर्धा करते, आणि जी एका लिटर पेट्रोलवर चार-सहा किलोमीटर गेली तरी मालक समाधान मानतो, अशा मोटारीशी विद्यार्थ्यांचा संबंध कोणता? संबंध आहे, असे आम्हांस वाटते. आणि तो मोटारीशी जितका आहे त्याहून अधिक जाहिरातीतील पहिल्या दोन शब्दांशी आहे. पूर्ण जीर्णोद्धार म्हणजे नेमके काय, तो कोणी केला, आणि विकणाऱ्याने त्याविषयी घेणाऱ्यास काय सांगावयास हवे, ह्या प्रश्नांची उत्तरे बहुधा दिलीच जात नाहीत.

आपल्या बडोद्यास हा विषय परका नाही. जानेवारी २०२३ मध्ये लक्ष्मीविलास राजवाड्याच्या प्रांगणात जुन्या मोटारींचा मोठा मेळावा भरला होता. ज्यांना तेथे जाता आले नाही त्यांनी वर्तमानपत्रांतील छायाचित्रे तरी पाहिली असतील. अशा ठिकाणी प्रेक्षकांच्या तोंडून जो उद्गार निघतो तो बहुधा चकाकीविषयीचा असतो. ‘काय चकचकीत ठेवली आहे!’ असे म्हणून माणसे पुढच्या गाडीकडे वळतात. परीक्षक मात्र गुडघ्यावर बसून गाडीखाली डोकावतात, इंजिनावर कोरलेला आकडा कागदाशी ताडून पाहतात, बैठकीच्या शिवणीवर बोट फिरवतात. प्रेक्षक आणि परीक्षक ह्यांच्या पाहण्यात जो फरक आहे, त्यातच आमच्या म्हणण्याचे सार आहे.

प्रथम ही अमेरिकन मोटार कोणती ते सांगितले पाहिजे. तिकडे जिला ‘मसल कार’ म्हणतात ती म्हणजे बेताच्या अंगाची, परंतु पोटात राक्षसी इंजिन असलेली गाडी. आपल्या भाषेत तिला बलदंड मोटार म्हणावे. १९६४ साली पाँटियाक कंपनीने आपल्या मध्यम आकाराच्या गाडीत सुमारे ६.४ लिटरचे आठ सिलिंडरांचे इंजिन बसविले आणि तिला ‘जीटीओ’ असे नाव दिले. तेथून ह्या जातीचा बोलबाला झाला. त्याच दशकात मुंबईस कुर्ल्याच्या कारखान्यातून निघणाऱ्या फियाट मोटारीचे इंजिन १०८९ घन सेंटिमीटरचे होते, म्हणजे त्या अमेरिकन इंजिनाच्या जवळजवळ एक षष्ठांश. आपल्याकडील चौकोनी कुटुंब त्या फियाटमध्ये बसून डाकोरला जाऊन येई, आणि अमेरिकेतील तरुण त्या सहापट इंजिनात बसून एका दिव्यापासून दुसऱ्या दिव्यापर्यंत शर्यत लावी. कोणाची मोटार अधिक उपयोगी, हे सांगावयास नकोच.

कुर्ल्याचा उल्लेख आलाच आहे, तर येथे एक गोष्ट सांगून ठेवतो. सोलापूरच्या वालचंद हिराचंद ह्यांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाईल्स ही कंपनी काढली, ती अमेरिकेच्या क्रायस्लर कंपनीशी करार करून. डॉज, डी सोटो, प्लिमथ ही नावे स्वातंत्र्याच्या सुमारास आपल्या रस्त्यांवर आली ती त्या मार्गाने. त्यामुळे अमेरिकन मोटारीचे जड बॉनेट उघडून तिचे पोट पाहिलेले मिस्त्री पश्चिम हिंदुस्थानात पुष्कळ होते. पुढे परदेशी मोटारींची आयात जवळजवळ बंद झाली. सुटे भाग मिळेनात. तेव्हा ह्याच मिस्त्रींनी लेथवर भाग कातून, कानशीने घासून, एका गाडीचा अवयव दुसरीस लावून त्या गाड्या चालत्या ठेवल्या. आज ज्याला मोठ्या आदराने जीर्णोद्धार म्हटले जाते, त्याची आपल्याकडील पहिली शाळा ही टंचाई होय.

आता प्रत्यक्ष कामाकडे वळू. टप उघडणारी गाडी दुरुस्त करणे हे बंद गाडीच्या मानाने अवघड काम आहे, आणि त्याचे कारण विद्यार्थ्यांस सहज समजण्यासारखे आहे. पुठ्ठ्याच्या खोक्याचे झाकण चिकटवलेले असेल तर खोके पिळले जात नाही. झाकण कापून टाकले की दोन हातांनी सहज पिळता येते. मोटारीच्या छपराचे काम असेच आहे. छप्पर नाहीसे झाले म्हणजे सारा ताण खालच्या सांगाड्यावर येतो. म्हणून कारखान्यात अशा गाड्यांच्या तळाला व दारांखालच्या कडांना जादा पोलाद जोडीत असत. नेमक्या ह्याच जागी पाणी मुरते. कापडी टपाच्या शिवणीतून, काचेच्या रबरातून पावसाळ्यात थेंब थेंब आत उतरतो, तळाच्या गालिच्याखाली साचतो, आणि वर रंग शाबूत दिसत असता खाली पत्रा पापडासारखा होतो. गाडी उभी दिसते. पण मागील बाजूस जॅक लावून उचलली की दार बंद होईनासे होते, कारण सांगाडा मध्येच वाकतो. जुनी उघडी गाडी विकत घेणाऱ्या जाणत्या माणसाने सर्वांत आधी हीच परीक्षा करावी.

सच्चा कारागीर अशी गाडी प्रथम उघडी करतो. इंजिन, बैठका, दारे, तारा, काचा असे सर्व काढून प्रत्येक वस्तूस चिठ्ठी बांधून ठेवावी लागते. नाहीतर दोन वर्षांनी हातात उरलेला एखादा बोल्ट कोठला, ते ब्रह्मदेवासही सांगता येत नाही. मग कुजलेला पत्रा कापून त्या जागी नवा घडवावा लागतो. हे काम छापील साच्यातून होत नाही. वाळूच्या पिशवीवर पत्रा ठेवून लाकडी हातोड्याने त्यास गोलाई आणावी लागते. एका बाजूने लोखंडी ठोकळा धरून दुसऱ्या बाजूने हलके हलके ठोकावे लागते. पत्रा किती ताणला गेला हे हातोड्याच्या आवाजावरून ओळखणारे डेंटर आजही आहेत. ज्याचा हात असा बसलेला नाही तो खड्ड्यांत लांबी भरतो. ती वाळली की घासून, रंग मारून मोकळा होतो. पहिली दोन वर्षे गाडी आरशासारखी दिसते, आणि तिसऱ्या पावसाळ्यात लांबी फुगून तिचे पोपडे निघतात. परंतु तोवर ती विकली गेलेली असते! लांबी ओळखण्याची साधी युक्ती म्हणजे लोहचुंबक. पातळ कापडात गुंडाळलेला चुंबक जेथे पत्र्यास चिकटत नाही, तेथे खाली पत्रा नाही असे समजावे.

दुसऱ्या महायुद्धापूर्वीच्या पुष्कळ मोटारींचे काम तर ह्याहून कठीण असते. त्यांच्या इंजिनातील बेअरिंगे पांढरा धातू वितळवून जागेवरच ओतावी लागतात आणि मग निळा रंग लावून, फिरवून, कोठे घासते ते पाहून, हाताने खरवडून बेताची करावी लागतात. अंगाचा सांगाडा लाकडी असतो. म्हणजे लोहाराबरोबर सुतारही हवा. टपाचे कापड बेतणारा हा एक तिसराच धंदा. चामड्याच्या बैठका शिवणारा चौथा. एका गाडीत निदान सात-आठ धंद्यांची माणसे राबतात, आणि विक्रीच्या जाहिरातीत त्यांपैकी एकाचेही नाव नसते. मालकाचे नाव असते. पूर्वी ती कोण्या महाराजांची असेल तर त्यांचे असते. एखाद्या नटीने तिच्यातून फेरफटका केला असेल तर तिचेही असते.

‘जीर्णोद्धार’ हा आपला शब्द मोठा अर्थपूर्ण आहे. तो देवळावरून आला. इंदूरच्या अहल्याबाई होळकरांनी १७८० साली काशीस विश्वेश्वराचे मंदिर उभारले. तेथे भिंती, शिखर, गाभारा असे सर्व नव्याने बांधले गेले, आणि तरीही आपण त्यास आनंदाने जीर्णोद्धार म्हणतो. ह्याचे कारण उघड आहे. देवळात दगड महत्त्वाचा नसून देव महत्त्वाचा असतो. तो तेथे आहे अशी श्रद्धा असली की दगड बदलता येतात. मोटारीच्या बाबतीत प्रश्न असा की तिच्या गाभाऱ्यातील मूर्ती कोणती? इंजिन म्हणावे, तर ते बदलता येते. पत्रा तर निम्मा बदललेलाच असतो. सांगाड्यावरील आकडा ही मूर्ती आहे असे कायदा म्हणतो; पण आकड्याची पट्टी उखडून दुसऱ्या सांगाड्यास ठोकणारे महाभागही ह्या जगात आहेत. म्हणून मोटारीच्या बाबतीत ‘जीर्णोद्धार’ हा शब्द एकटा पुरेसा नाही, असे आमचे मत आहे. त्याच्या मागोमाग हिशेब यावयास हवा: किती जुने राहिले, किती नवे घातले, आणि ते कोणाच्या हातचे.

हे काही आमच्या डोक्यातून निघालेले खूळ नव्हे. इमारतींच्या संरक्षणासाठी १९६४ साली व्हेनिसमध्ये जाणत्या मंडळींनी एक सनद तयार केली. तिचे एक तत्त्व असे की नव्याने बसविलेला भाग जुन्याशी विसंगत दिसू नये, पण जुना म्हणून खपूही नये. जुन्या वाहनांच्या आंतरराष्ट्रीय महासंघाने त्याच धर्तीवर मोटारींसाठी ट्यूरिनच्या नावाने एक सनद स्वीकारली आहे. तिच्यात जतन आणि जीर्णोद्धार ह्यांत भेद केला आहे, कामाची लेखी नोंद ठेवावी असे म्हटले आहे, आणि बदललेल्या भागांवर सहज न दिसणारी पण शोधल्यास सापडणारी खूण करावी असेही सुचविले आहे. किती साधी गोष्ट! आपल्या घरची आजी गोधडीस ठिगळ लावते तेव्हा ते लपवीत नाही. टाके नीट घालते, इतकेच.

नोंद नसली म्हणजे काय होते, ह्याचे उदाहरण त्याच पाँटियाक जीटीओचे आहे. १९६४ व १९६५ ह्या दोन वर्षी जीटीओ ही स्वतंत्र गाडी नव्हती. साध्या गाडीवर जादा पैसे देऊन घेतलेला तो साज होता. सांगाड्याच्या आकड्यावरून ती जीटीओ आहे की साधी, हे कळतच नाही. मग साध्या गाडीस मोठे इंजिन, नावाच्या पट्ट्या व बॉनेटवरील नाकपुड्या लावून ती जीटीओ म्हणून विकणे कितीसे अवघड? ह्या फसवणुकीवर उतारा सापडला तो एखाद्या यंत्रात नव्हे, कारखान्याच्या जुन्या बिलांच्या नोंदींत. त्या नोंदी जपून ठेवल्या गेल्या, म्हणून आज खरे-खोटे करता येते. कोण्या कारकुनाने टंकलेखनयंत्रावर बडविलेला तो कागद आज गाडीच्या अर्ध्या किमतीचा धनी आहे म्हटले तरी चालेल.

किमतीचे म्हणाल तर त्या आकड्यांनी डोळे फिरावेत. १९७१ सालच्या ‘कुडा’ नावाच्या प्लिमथ गाडीचे सर्वांत मोठ्या इंजिनाचे आणि उघड्या टपाचे अवघे दहा-बारा नग तयार झाले होते. कारण त्या काळी ते घेणारेच मिळेनात. विम्याचे हप्ते वाढले होते, धुराविषयी नियम येऊ लागले होते, आणि लौकरच १९७३ सालची तेलाची टंचाई यावयाची होती. त्यांतील एक गाडी २०१४ साली लिलावात ३५ लाख डॉलरांस गेली. जी वस्तू तिच्या काळात खपली नाही तिला तिचे दुर्मिळपण चाळीस वर्षांनी एवढ्या मोलाला चढवते, ह्याचे आम्हांस थोडे हसू येते. दुर्मिळपणाचा बाजार कसा फसवा असतो ह्याचीही एक गंमत आहे. १९७६ साली कॅडिलॅक कंपनीने आपली ‘एल्डोराडो’ ही उघड्या टपाची अखेरची अमेरिकन गाडी असल्याचे गाजविले. लोकांनी जादा दाम देऊन ती घेतली व आच्छादन घालून कोठीत ठेवली. काही वर्षांनी कंपनीने पुन्हा उघड्या टपाच्या गाड्या काढल्या, आणि ते साठेबाज न्यायालयात धावले. त्यांच्याविषयी आम्हांस यत्किंचितही सहानुभूती वाटत नाही.

त्याउलट दुसरी कथा ऐका. फोर्ड कंपनीची ‘मस्टँग’ १७ एप्रिल १९६४ रोजी जगापुढे आली. तिचा क्रमांक एकचा नग उघड्या टपाचा, पांढऱ्या रंगाचा होता, आणि तो केवळ प्रदर्शनासाठी कॅनडाच्या न्यूफाउंडलंड बेटावरील एका दुकानी पाठविला होता. तेथील एका वैमानिकाने तो पाहिला आणि दुकानदाराकडून विकत घेऊन टाकला! कंपनीने तो परत मागितला, पण हा गृहस्थ ऐकेना. त्याला ती गाडी चालवायची होती, आणि त्याने ती चालविली. अखेर १९६६ साली दहा लाखावी मस्टँग त्यास देण्याचे कबूल करून कंपनीने आपली पहिली गाडी परत मिळविली. आज ती अमेरिकेत हेन्री फोर्ड ह्यांच्या नावाच्या संग्रहालयात आहे. तिचे मोल तिच्या चकाकीत नाही. तिचा आकडा, तिचा धनी आणि तिचा प्रवास हे सर्व नोंदलेले आहे म्हणून ते मोल आहे.

आता आपल्या देशाकडे येऊ. जुन्या संस्थानिकांच्या मोटारींवर बोलताना आपली मंडळी चटकन भावनावश होतात. १९४९ साली आपले बडोदे संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले. १९७१ साली संस्थानिकांचे तनखे बंद झाले. ठिकठिकाणचे मोठाले गाडीखाने रिकामे होऊ लागले. पुष्कळ गाड्या परदेशी गेल्या. त्याबद्दल आजही हळहळ व्यक्त होते, आणि १९५० पूर्वीच्या मोटारी देशाबाहेर नेण्यावर सरकारने निर्बंधही घातले आहेत. हे योग्यच आहे. तथापि विकणे म्हणजे पाप असे मानावयास आम्ही तयार नाही. राजकोटच्या ठाकूरसाहेबांसाठी १९३४ साली बनविलेली, टप खाली घेता येणारी रोल्स-रॉइस ‘फँटम’ ही गाडी ‘स्टार ऑफ इंडिया’ ह्या नावाने प्रसिद्ध आहे. ती १९६८ साली परदेशी विकली गेली. चाळीसहून अधिक वर्षांनी त्याच घराण्यातील वारसाने ती पुन्हा विकत घेऊन राजकोटास आणली. सौराष्ट्रात आनंद झाला, आणि तो व्हावयासच हवा. पण मधल्या काळात परक्या धन्यांनी तिची निगा राखली म्हणूनच आणण्यासारखी गाडी उरली, हेही सांगितले पाहिजे. त्याच वर्षांत जुन्या गाडीखान्यांतून किती मोटारी उंदरांच्या आणि वाळवीच्या स्वाधीन झाल्या असतील ह्याची गणती कोणी केलेली नाही. घरात ठेवून कुजविण्यापेक्षा जाणत्याला विकणे केव्हाही बरे.

आणि त्याहून बरे म्हणजे वापरणे. कोल्हापूरच्या छत्रपती राजाराम महाराजांची १९३६ सालची मेबॅक मोटार दसऱ्याच्या दिवशी बाहेर निघते व सोहळ्यास दसरा चौकात येते. लहान मुले तिला पाहावयास वडिलांच्या खांद्यावर बसून येतात. ती मोटार सुरू झाली पाहिजे, ह्या एका गरजेपायी वर्षभर कोणीतरी तिच्या तेलापाण्याकडे लक्ष देतो. नियमाने एक दिवस चालणारी मोटार काचेच्या पेटीतील मोटारीपेक्षा अधिक जिवंत असते, असे आम्हांस वाटते. अहमदाबादेजवळ कठवाडा येथे प्राणलाल भोगीलाल ह्यांनी जमविलेल्या जुन्या मोटारींचा मोठा संग्रह आहे. शाळेच्या सहलींसाठी ते ठिकाण बडोद्याहून फार लांब नाही. तेथे गेलात तर गाड्यांच्या नावांबरोबरच त्यांच्या टपाचे कापड, दारांच्या बिजागऱ्या आणि तळाचा पत्रा हेही पाहून या.

कायद्याविषयी चार शब्द सांगणे अवश्य आहे, कारण पुष्कळांस ते ठाऊक नसते. जुलै २०२१ मध्ये केंद्र सरकारने पन्नास वर्षांहून जुन्या खाजगी वाहनांसाठी स्वतंत्र नोंदणीचे नियम केले. नव्या नोंदणीस २० हजार रुपये शुल्क, दहा वर्षांची मुदत, पुढील नूतनीकरणास ५ हजार रुपये, आणि क्रमांकात ‘व्हीए’ ही अक्षरे. अशी गाडी प्रदर्शन, संशोधन, जुन्या मोटारींची फेरी, इंधन भरणे किंवा दुरुस्ती ह्यांसाठीच रस्त्यावर आणता येते. रोजच्या कामास वा धंद्यास नाही. ती विकता येते. मात्र देणाऱ्याने व घेणाऱ्याने नव्वद दिवसांच्या आत आपापल्या राज्याच्या परिवहन खात्यास कळवावे लागते. आणखी एक अट अशी की गाडी मूळ स्वरूपात असावी. सांगाडा, अंगाचा पत्रा वा इंजिन ह्यांत मोठा फेरबदल झालेला नसावा. अट उत्तम आहे. परंतु ‘मूळ स्वरूप’ ठरविणार कोण आणि कशावरून, ह्या प्रश्नापाशी आपण पुन्हा त्या हिशेबाकडेच येतो. नोंदच नसेल तर तपासनीसाने चकाकी पाहून शिक्का मारावा काय?

एक आक्षेप आम्ही हलका मानीत नाही. ज्या देशात शाळेच्या खोल्या अपुऱ्या आहेत, तेथे सहा लिटरच्या इंजिनाचे कौतुक करणे शोभते काय? शिवाय ही गाडी धूर ओकते. आक्षेप खरा आहे, आणि त्यास आमचे उत्तर एवढेच की गाडी ज्याला घ्यावयाची तो घेणारच आहे. त्याच्या पैशातून बडोद्याच्या एखाद्या डेंटरच्या, सुताराच्या, शिवणकाम करणाऱ्याच्या घरी दोन वर्षांचे काम जाते, ही त्यातील चांगली बाजू. धुराचे म्हणाल तर वर्षातून चारदा निघणारी गाडी किती धूर करील? रोज सकाळी एकेका मुलासाठी एकेक मोटार आमच्या शाळांच्या फाटकाशी उभी राहते, तिचा हिशेब आधी मांडू या.

खरी काळजी वेगळीच आहे. हे काम करणारे हात संपत चालले आहेत. आजचा मिस्त्री नव्या मोटारीत संगणकाची तार जोडून दोष शोधतो आणि सबंध भाग बदलून टाकतो. त्यात त्याचा दोष नाही; नव्या गाड्याच तशा आहेत. जुने मिस्त्री मात्र आपल्या मुलांस ह्या धंद्यात घालू इच्छीत नाहीत. ‘आमचे हात काळे झाले तेवढे पुरे,’ अशी त्यांची भावना असते. हे ऐकताना आम्हांस विशेष वाईट वाटते ते अशासाठी, की हे बडोदे आहे. सयाजीराव महाराजांनी १८९० साली येथे कलाभवन काढले. त्रिभुवनदास गज्जरांसारखा माणूस त्याच्या मुळाशी होता. रंगशास्त्र, यंत्रकाम, चित्रकला ह्यांचे शिक्षण आपल्या लोकांस आपल्या भाषेतून मिळावे आणि हाताने काम करणाऱ्यास विद्वानाच्या पंक्तीस बसविता यावे, हा त्यामागील विचार होता. दादासाहेब फाळके तेथे शिकून गेले, आणि पुढे त्यांनी कॅमेऱ्याशी जे केले ते सर्वांस ठाऊक आहे. त्या कलाभवनाची परंपरा आज महाराजा सयाजीराव विद्यापीठाच्या अभियांत्रिकी विद्याशाखेत चालू आहे. ज्या शहराने सव्वाशेहून अधिक वर्षांपूर्वी कारागिराच्या हातास शिक्षण म्हटले, त्या शहरात पत्रा ठोकणाऱ्याचे नाव विचारण्याची कोणास गरज वाटू नये, हे आम्हांस पटत नाही.

म्हणून आमची सूचना अगदी साधी आहे. जुनी मोटार दुरुस्त करणाऱ्या प्रत्येक मालकाने एक वही ठेवावी. पहिल्या पानावर सांगाड्याचा व इंजिनाचा आकडा आणि गाडी उघडण्यापूर्वीचे छायाचित्र असावे. पुढे तारीखवार नोंद असावी: तळाचा पत्रा डाव्या बाजूने नवा घातला, उजवा जुनाच, टपाच्या कमानी मूळच्या, कापड नवे, रंग मूळचा निळा होता, मालकाच्या इच्छेने लाल दिला. प्रत्येक कामापुढे ते करणाऱ्याची सही असावी. सही येत नसेल तर अंगठा, पण नाव हवेच. गाडी विकली गेली की वही गाडीबरोबर जावी. परिवहन खात्यास नव्वद दिवसांत जो कागद द्यावयाचा, त्यास ह्या वहीची प्रत जोडावी असा नियम झाला तर फारच उत्तम. पण नियमाची वाट पाहावयास हवी असे नाही.

असे लिहून ठेवल्याने गाडीची किंमत उतरेल, असे विकणारे म्हणतील. ‘पत्रा निम्मा नवा आहे’ हे कोण आपण होऊन सांगेल? पहिल्या काही सौद्यांत किंमत उतरेलही. परंतु परदेशच्या बाजाराचा अनुभव असा की कागद असलेल्या गाडीस घेणारा आधी मिळतो आणि कागद नसलेलीस चुंबक लावून पाहिला जातो. आणि ज्या डेंटरचे नाव एकदा अशा वहीत, चार जणांनी वाखाणलेल्या गाडीच्या संदर्भात नोंदले गेले, त्याच्याकडे पुढची गाडी आपोआप येते. त्याचा मुलगा त्या वहीतील बापाची सही पाहील तेव्हा काळ्या हातांविषयी त्याचे मत काय होते, ते पाहण्याची आम्हांस उत्सुकता आहे.